अण्णांची झेन आणि माझी स्विफ्ट

(दहावी १९९५ च्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील बदल’ हा विषय दिला होता. वीस वर्षं तेच करतेय, त्यामुळे त्यावर बोलायचा मला मनापासून कंटाळा आला आहे. शिवाय आपल्या ग्रुपवर माझा हेल्मेट घातलेला फोटो पडला, तेव्हापासून निम्म्या वर्गाने फोन करून एकच विचारलं, ‘तू या वयात रेस लावतेस?’ तर आज त्याचंच उत्तर देते.

पहिली गोष्ट, मी रेस लावत नाही. मी ट्रॅक डेला जाते. म्हणजे रेसिंगचा बंदिस्त ट्रॅक दिवसभरासाठी आपल्यासारख्या हौशी लोकांना पैसे भरून मिळतो. हेल्मेट घालायचं, वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये गाडी चालवायची, मागच्याला पुढे जाऊ द्यायचं असेल तर हात दाखवायचा. नंबर नाही, कप नाही. समोरून ट्रक येत नाही, मध्ये म्हैस येत नाही, सिटी चौकातून येणारी रिक्षा अचानक वळत नाही. खऱ्या रेसिंगमधल्या बायका वेगळ्या. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ साली चेन्नईच्या ट्रॅकवर पुरुषांच्या बरोबरीने धावून सलून गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. माझी मजल स्वतःच्याच कालच्या वेळेतून दीड सेकंद कमी करण्यापर्यंत. शहागंजच्या बंद घड्याळाखाली लहानाची मोठी झालेली मुलगी आता सेकंदाचे दहावे भाग मोजते, यावर घरच्यांनी पुरेसं हसून घेतलं आहे.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या गाडीत बसून मी पहिल्यांदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गेले. परत आले ती ठरवूनच, की आपली एक गाडी हवी. रोजची नव्हे. रोजच्या गाडीने मुलाला क्लासला सोडायचं असतं. फक्त ट्रॅकसाठी एक स्वस्तातली गाडी.

आणि स्वस्त म्हटल्यावर पहिली आठवली ती घरचीच.

तुमच्यापैकी जे आमच्या गल्लीत यायचे त्यांना अण्णांची पांढरी झेन आठवत असेल. अण्णा पाटबंधारे खात्यात होते. १९९८ साली भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून त्यांनी ती घेतली, तेव्हा आमच्या गल्लीत आत नेऊन वळवता येईल एवढीच मोठी गाडी त्यांना हवी होती. दर रविवारी पाण्याची बादली, जुनं बनियन आणि अण्णा. सहा वर्षांपूर्वी ते गेले. गाडी दारात उभी. दादा म्हणत होता, भंगारात देऊ. मी म्हटलं, नाही, मी नेते.

इंजिनिअरच्या डोक्याने बघितलं तर निवड वाईट नव्हती. झेनचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास. ट्रॅकच्या गाडीत लोक अश्वशक्ती बघतात, पण बघायचं असतं वजन. सर समोर बसले आहेत म्हणून फळ्यावरचं सूत्रच सांगते, अर्धा एम व्ही वर्ग. हजार किलोची गाडी ताशी १४० वरून ६० वर आणली, तर ब्रेकमध्ये सुमारे ६१७ किलोज्यूल उष्णता तयार होते. स्वयंपाकघराच्या भाषेत, घरातलं साधं पाणी जवळजवळ दोन लिटर उकळेल एवढी. एका ब्रेकला! तेच तेराशे-चौदाशे किलोची गाडी असेल तर अडीच लिटरच्या वर. एका फेरीत असं तीन-चार वेळा, आणि वीस मिनिटं सलग. सर, नववीत तुम्ही हे शिकवत होतात तेव्हा मी खिडकीतून चमनकडे बघत होते. ते मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं, क्षमस्व.

आपल्याकडची पुष्कळ माणसं मला म्हणाली, ऑक्टाव्हिया आरएस घे, आपल्या गावची गाडी. खरंच आहे. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला तो २००१ साली, मीही त्याच वर्षी इंजिनिअर झाले, आणि दीडशे अश्वशक्तीची जुनी आरएस रस्त्याने गेली की मी अजूनही मान वळवून बघते. पण तिचं वजन, तिच्या मोठ्या टायरांचा खर्च, आणि वीस वर्षांच्या टर्बोचं दुखणं! जुनी गाडी स्वस्त मिळते, तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. पोलो जीटीचंही बघितलं. चाकणची, तरतरीत, पण तिचा ऑटोमॅटिक ड्राय क्लचचा गिअरबॉक्स वीस मिनिटं झोडपायला मला धीर झाला नाही. तो बिघडला तर त्या पैशात दुसरी छोटी गाडी येते.

तर झेन. मी ती चाचांकडे घेऊन गेले. चाचा म्हणजे अण्णांच्या गाडीला तिच्या जन्मापासून हात लावणारे आमचे मेकॅनिक. त्यांना मी यादी दिली. मागची सीट काढायची, गालिचे काढायचे, पुढच्या दोन्ही सीट काढून एक रेसिंगची बसवायची, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, म्हणजे रोल केज, वेल्ड करायचा. चाचांनी यादी वाचली, चष्मा काढला, आणि म्हणाले, “बेटी, काम तो हो जाएगा। पर फिर ये तुम्हारे अब्बा की गाड़ी नहीं रहेगी।”

मी घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, “तिथे गाड्या आपटतात का गं?”

म्हटलं, “कधीमधी.”

“मग तुला ही गाडी ठेवायची आहे का वापरायची आहे, ते एकदा ठरव. दोन्ही नाही होणार.”

ट्रॅकच्या गाडीबद्दल अनुभवी माणसं सगळ्यात आधी हेच सांगतात, फक्त आईइतकं थोडक्यात नाही. जी गाडी भिंतीला लावून पायी घरी येता येत नाही, ती ट्रॅकवर न्यायची नाही. आपल्याकडच्या वाहन विम्यात रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या बसत नाहीत, त्यामुळे जे मोडेल ते सगळं आपल्या खिशातून. म्हणून परवडणारी गाडी म्हणजे विकत घ्यायला परवडणारी नव्हे, गमवायला परवडणारी. झेनची बाजारात किंमत चाळीस हजार नसेल. पण माझ्या सगळ्या यादीत तीच एक मला परवडत नव्हती. तीन रात्री मी स्वतःला समजावत होते की हळू चालवेन. हळूच चालवायची तर एवढ्या लांब न्यायची कशाला?

मग मी पुण्यात २००९ ची पेट्रोल स्विफ्ट घेतली, एक लाख चाळीस हजारांना. मारुतीने २००५ साली आणली त्या पहिल्या पिढीतली, १.३ लिटरची. तिची निवड तीन कारणांनी. वजन हजार किलोच्या आसपास. १४ इंची चाकं, म्हणजे टायर कुठेही आणि परवडेल अशा भावात मिळतात, आणि ट्रॅकवर टायर हे पेट्रोलसारखंच संपणारं सामान आहे. तिसरं महत्त्वाचं, हेच १.३ चं इंजिन आपल्याकडच्या फॉर्म्युला एलजीबीच्या छोट्या रेसिंग गाड्यांत वापरलं गेलं, त्यामुळे दक्षिणेत ते उघडून लावणारे हात पुष्कळ आहेत.

घेताना मी रंग बघितला नाही, दारावरचे चरे बघितले नाहीत. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घेतलं, खालचा पत्रा गंजलाय का ते आडवी होऊन बघितलं, टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागितली. पावती नव्हती, म्हणून भावात पाच हजार कमी केले आणि बेल्ट पहिल्याच दिवशी बदलला. विकणारे काका सारखे माझ्या मागे बघत होते, साहेब कधी येणार म्हणून.

गाडीएवढाच खर्च पुन्हा तिच्यावर झाला. तो बहुतेक थांबण्यासाठी आणि वाचण्यासाठी, पळण्यासाठी नाही. सीट, पट्टे, पिंजरा, ब्रेक पॅड. इंजिनाला फक्त नवं ऑइल आणि प्लग. आणि इथे माझी एक चूक कबूल करते. ब्रेकमधलं तेल मी ‘चांगलं दिसतंय’ म्हणून तसंच ठेवलं. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ४ तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पहिल्या दिवशी सातव्या फेरीत पॅडल स्पंजसारखं खाली गेलं. नशिबाने पुढे सरळ रस्ता होता. पॅडल दोन-तीनदा पंप करत, गिअर खाली टाकत, घामाने थबथबून आत आले. आठशे रुपयांचं तेल वाचवलं होतं मी. रोज ऑफिसात मुलांना सांगते, जे तपासलं नाही ते चालतंय असं धरू नका.

आता गाडी कोइमतूरला असते. पुण्याहून ते १२०० किलोमीटर, आणि दर वेळी ट्रकवर लादून नेणं गाडीच्या किमतीला भारी पडतं. त्यामुळे तिथल्या एका गॅरेजात जागा भाड्याने घेतली आहे. मी विमानाने जाते, हेल्मेट केबिन बॅगेत. तिथला करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, छोटा, वळणावळणाचा. लहान इंजिनाच्या गाडीला तो बरा, कारण तिथे लांब सरळ रस्त्यावर मोठ्या गाड्या फार अंगावर येत नाहीत. वर्षातून चार वेळा जमतं. तीन वेळा म्हणा, एकदा मुलाची परीक्षा असते.

गेल्या फेब्रुवारीत तिथेच एका वळणात मी घाबरून मध्येच ॲक्सिलरेटर सोडला. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत वळणावर असं केलं की सगळा भार पुढे जातो, मागची बाजू हलकी होते आणि फिरते. गाडी भिंगरीसारखी फिरून डाव्या अंगाने टायरच्या थरावर आदळली. मला काही झालं नाही. दार, मागचा पत्रा आणि एक चाक गेलं. पट्टे सोडून बाहेर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि मनातल्या मनात बेरीज केली, अठरा हजार. एवढंच आलं मनात. मग त्या पांढऱ्या बादलीची, जुन्या बनियनची आठवण आली आणि तिथे गवतावर बसून मी बराच वेळ रडले. मार्शल पोरगा बिचारा पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, गाडीसाठी रडतायत मॅडम.

संध्याकाळी आईला फोन केला. तिने विचारलं, “कोणती गाडी?” म्हटलं, “माझी.” “मग ठीक,” म्हणाली, आणि दादाकडे फोन दिला.

झेनची नोंदणी आम्ही पाच वर्षांसाठी पुन्हा करून घेतली. दादाने कुरकुर केली, पण आरटीओत रांगेत तोच उभा राहिला. चाचांनी कार्ब्युरेटर साफ केला, पैसे घेतले नाहीत. आई तीत बसून राजाबाजारला संस्थान गणपतीला जाते, मागच्या सीटवर, डावीकडे, नेहमीच्या जागी.

आज तीच घेऊन आले आहे, फाटकाबाहेर लावली आहे. सर, कार्यक्रम संपला की तुम्हाला घरी सोडायचं माझ्याकडे आहे असं संयोजकांनी आत्ताच सांगितलं. तुमचा चेहरा मला इथून दिसतोय. काळजी करू नका, तिला मी चाळीसच्या वर नेत नाही, आणि ब्रेकचं तेल मागच्याच महिन्यात बदललं आहे.