अर्बुदांचे कूळ



नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे म्हणतात. विकृतिशास्त्रज्ञाला मात्र अर्बुदाच्या बाबतीत या दोहोंचाही शोध घ्यावा लागतो. एखाद्या रुग्णाच्या जठरात लिंफोमा, म्हणजे लसीकापेशींचे अर्बुद, आढळतो, उपचार होतात, आणि काही वर्षांनी त्याच्याच फुप्फुसात दुसरा लिंफोमा दिसतो. जुनाच रोग प्रवास करून तेथे पोचला, की हा सर्वस्वी नवा रोग आहे? पहिल्या पक्षी रोग पसरला असे मानून उपचारांची आखणी करावी लागते. दुसऱ्या पक्षी नव्या अर्बुदाचा स्वतंत्र विचार करावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींच्या पेशी सारख्याच दिसू शकतात. परंतु आडनाव एक असले म्हणून दोन घराणी एक ठरत नाहीत.

घराणे ओळखण्याची खूण या पेशींच्या जनुकांतच असते. बहुतेक लिंफोमा ज्यांपासून उद्भवतात त्या बी-पेशी प्रतिपिंडे घडविण्यासाठी आपल्या जनुकांचे तुकडे तोडून नव्याने सांधतात. चौदाव्या गुणसूत्रावर अशा तुकड्यांचे तीन संच आहेत. प्रत्येक संचातून एकेक तुकडा निवडला जातो. सांध्यापाशी काही अक्षरे गळतात आणि काही नवी, कोणत्याही मूळ प्रतीवाचून, भरली जातात. असा सांधा दोन स्वतंत्र पेशींत तंतोतंत सारखा जुळून येण्याची शक्यता अत्यल्प असते. जनुकांची ही पुनर्जोडणी बाझेल येथे काम करीत असता सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली दाखवून दिली आणि १९८७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अर्बुद हे एकाच पेशीची संतती असल्यामुळे त्यातील प्रत्येक पेशी तोच सांधा वारशाने बाळगते.

परीक्षा करावयाची ती या सांध्याची. दोन्ही अवयवांतील ऊतींतून डीएनए वेगळा काढतात, सांध्याच्या भागाच्या असंख्य प्रती तयार करतात आणि त्यांच्या लांबीची तुलना करतात. केवळ लांबी जुळल्याने काम भागत नाही. ती योगायोगानेही जुळते. अक्षरांचा क्रम वाचून पाहिला, की मगच नाते पक्के होते.

जठराच्या अस्तरातील लिंफोमाचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट या ब्रिटनमधील विकृतिशास्त्रज्ञांनी या जातीच्या अर्बुदांचे वर्णन १९८३ साली केले. ती दीर्घकाळ एकाच जागी राहतात अशी समजूत होती. पुढे जनुकीय परीक्षेने दिसले, की काही रुग्णांच्या आतड्यात विखुरलेले बारीकसे पुंजके जठरातील अर्बुदाच्याच कुळातले असतात. यात फारसे नवल नाही: आतड्याच्या अस्तराकडे परत येण्याची ओढ या पेशींच्या पूर्वजांना असतेच, रक्तातून फिरून त्या आपल्या ओळखीच्या घरी उतरतात. जठरातील जंतूंचा नायनाट केल्यावर अशी अर्बुदे मागे हटू शकतात, हे १९९३ साली प्रसिद्ध झाले. म्हणून रोग नेमका कोठवर गेला आहे, हा प्रश्न निव्वळ पंडिती राहिला नाही.

निकाल नेहमी स्वच्छ मिळतो असे मात्र नाही. बी-पेशी आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकात पुढेही फेरफार करीत राहतात. त्यामुळे चुलत शाखांत अक्षरे थोडीशी बदललेली दिसतात, पण मूळ सांधा ओळखू येतो. कधी हे बदल इतके होतात, की परीक्षेचे रसायन जनुकाला चिकटतच नाही आणि अर्बुद असूनही निकाल कोरा येतो. ऊतीचा तुकडा फारच लहान असला, तर मोजक्या निरुपद्रवी पेशीसुद्धा एका कुळाचा आभास निर्माण करतात. अशा वेळी परीक्षा पुन्हा करून तोच सांधा पुन्हा मिळतो का, हे पाहिल्यावाचून मत देऊ नये.

विलंबाने वाढणाऱ्या रक्ताच्या एका कर्करोगात काही वर्षांनी आक्रमक लिंफोमा उद्भवतो. मॉरिस रिश्टर यांनी १९२८ साली त्याची नोंद केली. तो बहुधा जुन्याच कुळातला निघतो. पण ज्या थोड्या रुग्णांत तो परका ठरतो, त्यांचे आयुर्मान सामान्यतः अधिक असते. ही तुलना करावयाची तर पहिल्या रोगाचा नमुना हाती हवा. मेणात जपलेल्या जुन्या ठोकळ्यातील डीएनए फॉर्मॅलिनमुळे तुटका झालेला असतो. तरी शेदोनशे अक्षरांचे तुकडे त्यातून बहुधा मिळतात आणि सांधा वाचावयास तेवढे पुरतात.