यकृत थकतं तेव्हा कोलेस्ट्रॉल उतरतं

‘कोलेस्ट्रॉल जास्त असलेले पेशंट जास्त जगतात’ हे वाक्य तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाइलवर येऊन गेलं असणार. खाली बहुधा तूप खायचा सल्लाही असतो. पंचाईत अशी की ते वाक्य निखालस खोटं नाही. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय रक्त पुढे ढकलायला कमी पडतं तेव्हा, 2002 साली लॉस एंजेलिसच्या आणि 2003 साली युरोपातल्या डॉक्टरांना हेच दिसलं: ज्यांचं कोलेस्ट्रॉल खाली, त्यांच्यात मृत्यू जास्त. हा उलटा हिशेब उलगडायचा तर यकृतापर्यंत जावं लागतं.

हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाव हिस्सा यकृतातून जातो. तिथून ते मोठ्या शिरेवाटे हृदयाच्या उजव्या कप्प्यात परततं. वाट आखूड, आणि रक्ताला मागे येताना अडवेल अशी झडप वाटेत नाही. उजवी बाजू थकली की तिथला दाब सरळ यकृतावर येतो. ते फुगतं, बरगडीखाली दुखतं, जेवण जात नाही. असं यकृत शवविच्छेदनात कापलं तर आत लाल-पिवळी नक्षी दिसते, कापलेल्या जायफळासारखी. पॅथॉलॉजीच्या पुस्तकांतही तेच नाव आहे.

यकृत असं तुंबलंय हे ओळखायला नेहमी मशीन लागतंच असं नाही. रुग्णाला उशांना टेकवून अर्धवट बसवायचं, पोटावर तळहाताने दहा-पंधरा सेकंद एकसारखा दाब द्यायचा आणि नजर मानेवर ठेवायची. निरोगी माणसाच्या मानेतली शीर क्षणभर वर येते आणि उतरते. या रुग्णाची शीर हात काढेपर्यंत टम्म राहते. घरच्यांना मात्र पिवळसर डोळे दिसतात, ‘कावीळ झाली’ असं ठरतं आणि उसाचा रस सुरू होतो. पाय सुजलेले, पाणी मोजून प्यायला सांगितलेलं, आणि वर ग्लासावर ग्लास रस!

आता कोलेस्ट्रॉल. रक्तातलं बरंचसं कोलेस्ट्रॉल यकृतातच तयार होऊन बाहेर पडतं. यकृत रक्ताने तुंबलं, त्यात आतडीही सुजली, भूक मेली, अंगावरचं मांस झडलं, की अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन उतरतं आणि कोलेस्ट्रॉलही उतरतं. रिपोर्टवर आकडा छान दिसतो. पथ्य न पाळता, गोळी न वाढवता तो छान झाला असेल, तर मला तो आकडा अजिबात आवडत नाही. इथे कमी कोलेस्ट्रॉलमुळे माणूस खालावत नाही. माणूस खालावल्यामुळे कोलेस्ट्रॉल कमी होतं. चरबीचे कण आतड्यातून रक्तात शिरलेली जंतूंची विषं बांधून ठेवतात, म्हणून ते उपयोगी पडत असावेत, असाही एक तर्क 2000 साली मांडला गेला. तर्क देखणा आहे, पण सगळा भार त्याच्यावर टाकावा असं मला वाटत नाही.

कारण तपासून पाहिलं गेलं आहे. कोलेस्ट्रॉलच खरोखर रक्षण करत असतं, तर ते उतरवणाऱ्या स्टॅटिनने या रुग्णांचं नुकसान दिसायला हवं होतं. 2007 च्या ‘कोरोना’ चाचणीत (रोगाच्या नावाशी संबंध नाही, तो बिचारा नंतरचा) हार्ट फेल्युअरच्या 5,011 वयस्क रुग्णांपैकी निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन दिलं. मृत्यू वाढले नाहीत. मुख्य निष्कर्षात फायदाही ठरला नाही. इस्पितळात भरती होण्याचं प्रमाण मात्र कमी झालं. पुढच्या वर्षी इटलीतल्या 4,574 रुग्णांच्या चाचणीतही मृत्यूंमध्ये फरक पडला नाही.

जास्त कोलेस्ट्रॉलवाले जास्त जगतात असं दाखवणाऱ्या, इस्पितळांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासांत आणखी एक मेख असते. तिथे ‘कोलेस्ट्रॉल जास्त’ हा बहुतेक वेळा रक्तातला आकडा नसतो, फाइलवर लिहिलेलं निदान असतं. एक डिस्चार्ज कार्ड डोळ्यांपुढे आणा. तब्येत सावरून घरी चाललेल्याच्या कार्डावर बीपी, थायरॉइड, कोलेस्ट्रॉल सगळं सवडीने लिहिलं जातं. आयसीयूत व्हेंटिलेटरवर गेलेल्याच्या कार्डावर शॉक, किडनी निकामी, जंतुसंसर्ग यांतच ओळी संपतात. जुन्या कोलेस्ट्रॉलची आठवण कोण काढतो? शिवाय ज्याचं कोलेस्ट्रॉल आधी कुणी तपासलं होतं, तो निदान डॉक्टरकडे जाणारा माणूस होता, बहुधा स्टॅटिनवरही होता. या सगळ्याचं श्रेय कोलेस्ट्रॉलच्या खात्यात जमा होतं.

मग गोळीचं काय, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला आहे किंवा स्टेंट आहे, त्यांनी यकृताचे आकडे थोडे वर गेले म्हणून परस्पर स्टॅटिन थांबवू नये; तुंबलेल्या यकृतात ते आकडे वर जातातच, आणि लघवीच्या गोळ्यांनी सूज उतरली की बहुधा तेही उतरतात. बीपी एकदम कोसळून यकृताचा रक्तपुरवठा तुटला, एन्झाइम हजारांत गेले, तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टर सहसा स्टॅटिन तात्पुरतं थांबवतात. रक्ताभिसरण सावरलं की ते आकडे काही दिवसांत झपाट्याने खाली येतात, आणि मग गोळी परत कधी सुरू करायची हे डॉक्टरांना विचारून घ्यायचं.