कारखान्यांतील अदृश्य आंच

श्रोतेहो, नभोवाणीवरून माझा आवाज आपल्या घरांत आणणाऱ्या लहरींविषयीं आपणांस ममत्व वाटणें साहजिक आहे. त्यांच्याच कुळांतील लहरी पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यांत निराळ्याच कामाला जुंपल्या आहेत, आणि त्या यंत्रांपाशीं आपलींच मुलें उभीं असतात.

मोटारींतील ऊन अडविणारी झडप घ्या. तिचें पी.व्ही.सी. आवरण पुष्कळदां शिवीत नाहींत, वितळवून जोडतात. दोन थर धातूच्या साच्यांत दाबले कीं, सेकंदास २ कोटि ७१ लक्षांहून अधिक वेळां दोलायमान होणारें विद्युत्क्षेत्र त्यांत शिरतें. रेणू त्यासरशी डोलूं लागतात व कांहीं क्षणांत थर एकजीव होतात.

परंतु मनुष्यदेह बहुतांशीं पाणीच. तोहि त्या क्षेत्रांत तापतो. निखाऱ्याजवळ हात नेला तर कातडी आधीं ओरडते. येथें आंच कातडीखालच्या मांसांतहि उत्पन्न होते, म्हणून सूचना उशिरां मिळते. देहांतून भूमीकडे जाणारा प्रवाह मनगट, घोटा अशा अरुंद जागीं दाटतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बोटावर जोंधळ्याएवढा पांढरा डाग होता. म्हणाला, "गुरुजी, वरून एवढाच, ठणका मात्र आंत पंधरा दिवस." नग वाढावेत म्हणून साच्याभोंवतींचा धातूचा पिंजरा काढून ठेवला होता. यास मी अपघात म्हणणार नाहीं.

कोणी या लहरींचा क्ष-किरणांशीं घोटाळा करतात. अणू फोडण्याइतकी शक्ति यांत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संस्थेनें २०११ सालीं त्यांस 'कदाचित् कर्ककारक' या वर्गांत घातलें, तें मर्यादित पुराव्यावर. भाजण्याच्या पुराव्यास मात्र मर्यादा नाहीं!

गिअर कठीण करणाऱ्या इंडक्शन यंत्रांत कंपनें पुष्कळ कमी. तेथें बोटांतली अंगठीच तापते. हृदयांत पेसमेकर बसविलेल्यानें तर वैद्याला व अभियंत्याला विचारल्यावांचून जवळ जाऊंच नये.

उपाय महागडे नाहींत. पिंजरा, तांब्याच्या रुंद पट्टीनें भूमीशीं जोडणी, आणि अंतर. कारण दूर सरावें तसें क्षेत्र झपाट्यानें ओसरतें. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरचे अभियंते व मालक याच पट्ट्यांत आहेत. आज जेवतांना त्यांस एवढेंच विचारावें: यंत्राचा पिंजरा जागेवर आहे काय, आणि क्षेत्र शेवटचें केव्हां मोजलें होतें?