पाच दिवसांची दुबई आणि घरची पेज

कोणी काजू सोलत बसली असाल, कोणी चुलीपाशी असाल. रेडिओ जरा जवळ ओढून घ्या. आज विषय आहे धंद्यासाठी परदेशी जाण्याचा. हसू नका. ही वेळ आमच्या प्रभागातल्या गटांवर खरोखर आली.

गेल्या वर्षी एका संस्थेकडून निरोप आला. फेब्रुवारीत दुबईला खाद्यपदार्थांचं प्रदर्शन आहे, कोकणातला माल हवा आहे, दोन बायका पाठवा. जाण्यायेण्याचा आणि स्टॉलचा खर्च संस्था करणार. काम पाच दिवसांचं. आम्हाला वाटलं, नावं द्यायला झुंबड उडेल. ग्रामसंघाच्या बैठकीत निरोप वाचून दाखवला आणि सगळ्याजणी जमिनीकडे बघायला लागल्या.

मग एकेक कारण बाहेर आलं. "गुरांक पाणी कोण दाखयतलो?" "थय पेज गावतली काय?" एकीच्या सासूबाई अंथरुणावर, एकीच्या मुलीची दहावी. एकीने तर मुद्द्यालाच हात घातला: "आदी देवीची तारीख ठरां दे, मगे बघू." आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नसते. कौल लागतो तेव्हा तारीख कळते, आणि ती बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये पडते. मुंबईहून चाकरमानी येतात, घर भरतं, खाजे-लाडवांचे स्टॉल लागतात. अशा वेळी घरची बाई दुबईला, ही कल्पनाच कोणाला करवेना. आमच्या गटात सगळ्यात चांगलं आगळ काढणारी काकी आहे. ती सगळ्यांत शेवटी बोलली. "माका समुद्र हय आसा. आनी तो फुकट."

सगळ्या हसल्या. पण आम्हाला एक गोष्ट खटकली. या काकीचा नवरा ट्रॉलरवर जातो, दिवसचे दिवस घरी नसतो. आपल्या गावातले कितीतरी पुरुष दोन-दोन वर्षं आखातात असतात. ते निघतात तेव्हा गुरांना पाणी कोण दाखवणार म्हणून बैठक बसत नाही. बाईच्या पाच दिवसांसाठी मात्र सगळी वाडी हिशोब मांडते.

तरीही, घर सोडवत नाही हे खोटं नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. सकाळी दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची ऊन पेज, बरोबर लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा. त्यानंतर अंगणात दहा मिनिटं पाय पसरून बसणं. हे सुख पैशाने मिळत नाही. आमच्यातल्या ज्या मुंबईला वांद्र्याच्या महालक्ष्मी सरसला जाऊन आल्या आहेत त्या सांगतात, विक्री चांगली झाली, पण बारा दिवस झोप लागली नाही.

परदेशी जाण्याची धास्ती बायकांनाच असते असंही नाही. इतिहासातली एक गंमत सांगतो. राघोबादादांनी, म्हणजे रघुनाथराव पेशव्यांनी, आपली बाजू मांडायला हनुमंतराव नावाचा ब्राह्मण वकील विलायतेला पाठवला होता. बरोबर एक पारशी गृहस्थ होते. १७८१ साली ते लंडनात होते. सगळ्यात मोठी अडचण कसली झाली असेल? जेवणाची! परक्याच्या हातचं चालायचं नाही. शेवटी एडमंड बर्क या तिथल्या मोठ्या पुढाऱ्याने त्यांना आपल्या घरी बोलावलं आणि रोपं ठेवायचं काचघर स्वयंपाकाला मोकळं करून दिलं. एवढं सांभाळूनही, समुद्र ओलांडला म्हणून परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागलं ते लागलंच. तेव्हा "थय पेज गावतली काय" हा प्रश्न आपल्या काकीच्याही आधी पेशव्यांच्या वकिलाला पडला होता.

भाषणात अशा वेळी हमखास आनंदीबाई जोशींचं नाव घेतात. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या, डॉक्टर झाल्या, हे खरंच. पण त्या परतल्या आजारी होऊन आणि १८८७च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षंही पूर्ण व्हायच्या आत, गेल्या. म्हणून कोणाला भरीस घालायला आम्ही हा दाखला देत नाही.

न जाताही माल जातो की, असं तुम्ही म्हणाल. जातो. लिज्जत पापड बघा. १५ मार्च १९५९ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरुवात केली. आजही बहिणी भिजवलेलं पीठ घरी नेतात, पापड लाटून, वाळवून परत आणतात. पापड परदेशात पोचतो आणि लाटणारी घरीच असते. पण त्या पापडावर त्यांच्याच संस्थेचं नाव असतं, इथे खरी मेख आहे. आमचं आगळ इतकी वर्षं एक व्यापारी कॅनमधून न्यायचा. बाटली भरायचा तो, लेबल लावायचा तो, आणि त्या लेबलवर ना आमचं गाव, ना गट. कोकमाला सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या नावाने भौगोलिक मानांकन आहे, हापूसला २०१८ साली मिळालं. नाव जिल्ह्याला मिळालं तरी बाटलीवर आपलं नाव आपोआप येत नाही. त्यासाठी कोणीतरी गिऱ्हाइकासमोर जाऊन उभं राहावं लागतं.

परदेशाची वाट मालालाही सोपी नाही, हेही ऐकून ठेवा. आपला आंबा अमेरिकेला २००७पासून जाऊ लागला, तोही लासलगावसारख्या ठिकाणी विकिरण करून घेतल्यावरच. २०१४च्या मे महिन्यात युरोपने फळमाशीच्या कारणाने हापूस बंद केला आणि पुढच्या जानेवारीत बंदी उठवली. म्हणजे आंब्यालाही व्हिसा लागतो, आणि कधी कधी नाकारला जातो.

शेवटी दोघी तयार झाल्या. एक बोलकी, सरसचा अनुभव असलेली, आणि दुसरी तिची जाऊ, हिशोबाला पक्की. काकीने आगळ, अमसुलं आणि कुळथाचं पीठ दिलं आणि स्वतः घरी राहिली. आम्हाला ही वाटणी पटली. जिच्या हाताला चव आहे तिनेच विकायलाही जावं असा काही कायदा नाही.

तयारीत जे शिकलो ते जरा सविस्तर सांगतो, कारण निरोप तुमच्याकडेही येईल आणि तेव्हा दिवस थोडे असतील. पासपोर्ट आधी काढून ठेवा. साध्या छत्तीस पानी पासपोर्टची फी दीड हजार रुपये आणि तो दहा वर्षं चालतो. लग्नाचा दाखला नाही म्हणून अडून बसू नका, २०१६च्या डिसेंबरपासून ती अट राहिलेली नाही. जन्मतारखेसाठी आपल्या वयाच्या बायकांना शाळा सोडल्याचा दाखला चालतो. खरी अडचण नावाची. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच. हे आधी जुळवून घ्या. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येतो, त्याला घाबरू नका. तो परदेशी नोकरीला जाणाऱ्यांची फसवणूक होऊ नये म्हणून आहे. प्रदर्शनाला जाताना तो आड येत नाही.

आणि खसखस! हे लिहूनच ठेवा. आपल्यातल्या काहीजणी मालवणी मसाल्यात खसखस घालतात. दुबईला खसखस चालत नाही. पिशवीत सापडली तर तुरुंगापर्यंत प्रकरण जातं. आम्ही मसाला नव्याने, खसखशीशिवाय कुटला. गोळ्या-औषधंही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नेऊ नका. इथली काही साधी खोकल्याची औषधंसुद्धा तिथे बंदीतली आहेत.

प्रवासाचं म्हणाल तर मालवणहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायला जितका वेळ लागतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळात विमान मुंबईहून दुबईला पोचतं. अंतर कमी, पण परकेपणा जास्त. दोघींना एसीत झोप येईना. खोलीत चूल नाही, खिडकी उघडत नाही. दुसऱ्या दिवशी धाकटी फोनवर रडली. काकी तिला म्हणाली, "कुळथाची पिठी आसा ना? गरम पाणी माग आनी ढवळ." किटलीच्या पाण्यात पिठी धड शिजत नाही, पण तिने ती खाल्ली, आणि तिसऱ्या दिवशी स्टॉलवर नीट उभी राहिली.

कमाई किती झाली, हे सगळ्याच विचारतात. खरं सांगतो, मुंबईच्या सरसइतकीही झाली नाही. पण दोन दुकानदारांनी नमुना मागितला. त्यांनी सांगितलं की लेबल अरबीतही लागेल आणि बाटलीचं झाकण बदला, गळतंय. गळतंय हे व्यापाऱ्याने आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. परत आल्यावर आयात-निर्यात कोड काढला, त्याची सरकारी फी पाचशे रुपये. एफएसएसएआयचं काम, नवी झाकणं, लेबल यांत सात महिने गेले. आता लहानशी का होईना, पेटी जाते, आणि तिच्यावर गटाचं आणि गावाचं नाव असतं. काकी अजूनही जाणार नाही म्हणते. तिच्या 'नाही'चा आम्हाला आदर आहे, कारण ते तिचं स्वतःचं आहे.

दुसऱ्या एका 'नाही'बद्दल मात्र बोलायला हवं. त्या पहिल्या बैठकीत एक तरुण सून होती. बारावी झालेली, मोबाईलवर फोटो काढून ऑर्डर घेणारी. ती जमिनीकडे बघत नव्हती, आमच्याकडे बघत होती. संध्याकाळी तिच्या दिराचा फोन आला, "आमची ती जाणार नाही." तिने काही सांगितलंच नाही. आम्हीही तेव्हा घरात कलह नको म्हणून पुढे विचारलं नाही. तुमच्या गटातही अशी एखादी असेल. नकार आला की तो कोणाच्या तोंडून आला, एवढं पाहत चला. घर आवडतं म्हणून राहणारी आणि घराने ठेवून घेतलेली, दोघी एकाच अंगणात बसलेल्या असतात आणि बाहेरून सारख्याच दिसतात.

यंदा पुन्हा निरोप आला आहे. या वेळी आम्ही बैठकीत नावं विचारली नाहीत, प्रत्येकीशी वेगळं बोललो. सासूबाईंकडेही जाऊन बसलो, चहा घेतला, पाच दिवसांचा सगळा कार्यक्रम सांगितला, परत आलेल्या दोघींनाही बरोबर नेलं. सासूबाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, तिथे रात्री बायका एकट्या कुठे झोपतात. परवा ती सून प्रभाग संघाच्या कचेरीत आली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून शाळा सोडल्याचा दाखला काढून टेबलावर ठेवला. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही. सोमवारी आम्ही तिच्याबरोबर आधार केंद्रावर जातोय.