नाव पटावर आलं पाहिजे



मुलाचं नाव शाळेत घालायला काय काय लागतं, जरा आठवून बघा. जन्माचा दाखला, आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, आधीच्या शाळेचा दाखला, दोन फोटो. आता समजा, मूल जिथे जन्मलं ते गाव जाळलं गेलंय, तिथली शाळा उरलेली नाही, आणि आजचा पत्ता म्हणजे यमुनेकाठची बांबू आणि प्लास्टिकची झोपडी. मूल आठ वर्षांचं आहे. आईबापांना ते शाळेत घालायचंय. खिडकीपलीकडून पहिला प्रश्न येतो, "आधार?"

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन दिल्लीला आले, इथेच सरकारी शाळेत गणित शिकवलं आणि इथेच निवृत्त झाले. त्यानंतर निर्वासित मुलांच्या शाळाप्रवेशाच्या मागे लागले. काम अगदी साधं आहे. अर्ज भरायचा, मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन शाळेत जायचं, नाही म्हणाले तर दोन दिवसांनी परत जायचं. ही मुलं अफगाणिस्तानातून आलेली आहेत, म्यानमारमधून आलेली रोहिंग्या आहेत, म्यानमारमधलीच चिन आहेत. काही इथेच जन्मलीत, पण तरीही निर्वासितच आहेत.

मी हे काम करते म्हटलं की लोक मदतीला येतात, खरंच येतात. डिसेंबरात स्वेटरची गाठोडी येतात, दिवाळीत फराळ येतो. दिल्लीच्या थंडीत स्वेटर लागतोच, त्याला मी कशाला नाव ठेवू? पण या मुलाला सर्वांत जास्त सुरक्षित काय ठेवतं, असं मला विचाराल तर मी सांगेन, शाळेच्या पटावरचं नाव. शिक्षण वगैरे नंतरची गोष्ट. आधी सुरक्षितता.

वस्तीतली सकाळी दहाची वेळ बघा. बाप भंगार वेचायला किंवा मजुरीला गेलेला. आई कुणाच्या तरी घरी कामाला. घरात दहा-बारा वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवर धाकटं भावंडं. ती घरी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. 'चांगलं काम मिळवून देतो' म्हणणाऱ्यालाही माहीत असतं, आणि 'एक चांगलं स्थळ आहे' म्हणणाऱ्यालाही. हिचं नाव कुठल्याच वहीत नाही. उद्या ती दिसली नाही, तर 'कुठे गेली?' असं विचारणारं घराबाहेर कुणीही नाही.

नाव पटावर आलं की काय बदलतं? रोज कुणीतरी ते मोठ्याने पुकारतं. दुपारी पोटात काहीतरी गरम जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गैरहजेरी लक्षात येते.

माझ्या ओळखीची बारा वर्षांची एक मुलगी सलग चार दिवस आली नाही. तिच्या वर्गशिक्षिकेने मला फोन केला. वर्गात साठ मुलं असूनही बाईंच्या ते लक्षात आलं होतं. मी गेले. घरात लग्नाची बोलणी चालली होती. आई वाईट नव्हती, घाबरलेली होती. नवऱ्याला चौकशीला बोलावलं होतं, तो परत येईल की नाही ठाऊक नव्हतं, आणि मुलगी एखाद्याच्या घरात पडली तर निदान ती तरी वाचेल, असा तिचा हिशोब होता. दोन-तीन दिवस आम्ही बोललो. शाळेच्या बाई स्वतः तिच्या घरी आल्या, याचा परिणाम माझ्या बोलण्यापेक्षा जास्त झाला. मुलगी परत वर्गात आली. पुढे वर्षभराने ते कुटुंब हैदराबादला गेलं. जाताना तिच्या पिशवीत शाळेचा दाखला होता. मला एवढंच माहीत आहे.

आता कायदा. थोडक्यात सांगते, पण सांगायलाच हवं. निर्वासितांबाबतचा १९५१चा आंतरराष्ट्रीय करार आणि त्याचा १९६७चा पुरवणी करार, या दोन्हींवर भारताने सही केलेली नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कोण कुठून आलंय यावर त्याची गत ठरते. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांची व्यवस्था सरकार बघतं, अफगाण आणि म्यानमारच्या लोकांची नोंद संयुक्त राष्ट्रांची संस्था यूएनएचसीआर करते. ते कार्ड मोलाचं आहे, पण आधार काढायला ते सहसा चालत नाही.

इथवर ऐकून वाटतं, मग संपलंच. पण मुलांच्या बाबतीत तसं नाही. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ साली स्वीकारला. त्याचं बाविसावं कलम निर्वासित मुलांबद्दलच आहे. आणि आपला २००९चा शिक्षणहक्क कायदा काढून वाचा. सहा ते चौदा वर्षांचं 'प्रत्येक बालक' असं त्यात म्हटलंय. प्रत्येक नागरिक असं म्हटलेलं नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नाकारता येत नाही. शाळा कधी पाहिलीच नसेल तर मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि बाकीच्यांच्या बरोबरीला यावं म्हणून खास शिकवणी द्यायची, हेही त्यातच आहे.

कारकुनाला हे ठाऊक नसतं. त्याला मी खलनायक मानत नाही. त्याच्यासमोर संगणकावर एक चौकट असते आणि ती भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. उद्या वरून विचारणा झाली तर उत्तर त्यालाच द्यायचंय. म्हणून वरून स्पष्ट आदेश आला की सगळं सोपं होतं. मिझोरामचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२१मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि चिन कुटुंबं सीमा ओलांडून आली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर मिझोरामच्या शिक्षण खात्याने जिल्ह्यांना पत्र पाठवलं, शिक्षणहक्क कायद्याचा आधार दिला आणि या मुलांना शाळेत घ्या म्हणून सांगितलं. कायदा देशभर तोच. दिल्लीतल्या रोहिंग्या मुलांचा प्रश्न मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२५मध्ये न्यायालयाने सांगितलं की मुलांनी आधी सरकारी शाळेत अर्ज करावा आणि नाकारला तर उच्च न्यायालयात जावं. आठ वर्षांच्या मुलाने उच्च न्यायालयात जायचं! पण मी त्यातला पहिला भाग धरून ठेवलाय. आधी अर्ज करा. लेखी करा.

आपल्या देशाला हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. मे १९६०मध्ये जम्मूकडच्या रस्त्यांच्या कामावरून ५१ तिबेटी मुलं धरमशालेला आणली गेली, आजारी आणि अर्धपोटी. त्यांच्यासाठी सुरू झालेल्या बालगृहातून पुढे तिबेटी बालग्राम उभं राहिलं. मुलांना घरांमध्ये वाटलं, प्रत्येक घराला एक आई दिली. सरकारने तिबेटी मुलांसाठी निराळ्या शाळा काढल्या. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, महाराष्ट्रातल्याही कित्येकांना ते माहीत नसतं. तमिळनाडूत १९८३नंतर आलेल्या श्रीलंकेच्या तमिळ मुलांना तिथल्या सरकारी शाळांत घेतलं गेलं. भाषा एकच, म्हणून निम्मा डोंगर आधीच सर झाला.

भाषेचं मला जरा जास्त बोलायचंय, कारण मदत करणारे सगळ्यात कमी लक्ष तिथे देतात. कोल्हापूरजवळचं वळिवडे तुम्हाला माहीत असेल. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. मुलांची शाळा पोलिश भाषेत भरायची आणि शिकवायला त्यांच्यातलीच माणसं होती. इतक्या लांब, पंचगंगेच्या काठी! सोव्हिएत रशियातून हाल सोसून आलेल्या मुलांना कुणीतरी त्यांच्याच भाषेत 'बस, वही काढ' म्हणत होतं.

दिल्लीच्या वर्गात दरी बोलणारं अफगाण मूल हिंदी ऐकत बसतं. पहिले तीन-चार महिने ते गप्प असतं आणि त्याच्यावर 'मठ्ठ' असा शिक्का बसतो. गणितात मला हे लगेच कळायचं. आकडे मांडून दिले की तेच मूल भराभर सोडवायचं, पण शाब्दिक उदाहरण आलं की अडायचं. अशा वेळी वस्तीतलीच एखादी मोठी मुलगी रोज तासभर बसली तरी पुरतं. आणि एकदा हिंदी आली की हेच मूल घरचा दुभाषी होतं. दवाखान्यात आईचं दुखणं तेच सांगतं, पोलिसांशी तेच बोलतं. लोक त्याचं कौतुक करतात. मला ते बघवत नाही. आईच्या अंगावरच्या रक्तस्रावाबद्दल नऊ वर्षांच्या मुलाने डॉक्टरांशी बोलू नये. दुभाषी मोठा माणूसच हवा, आणि त्यासाठी पैसे खर्च करावे लागले तर करावेत.

'आधी आपल्या मुलांचं बघा,' असं मला माझ्या सख्ख्या भावाने सुनावलंय. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. एका वर्गात साठ मुलं मी स्वतः सांभाळलीत. पण एकसष्टावं मूल आल्याने वर्ग बिघडत नाही, रिकामी पदं न भरल्याने बिघडतो. दुसरा आक्षेप सुरक्षेचा असतो. मी म्हणते, पटावर मुलाचं नाव आहे, फोटो आहे, आईबापांचं नाव आहे, पत्ता आहे. सरकारला याहून जास्त माहिती हवी असेल, तर शाळेबाहेर ठेवून ती कशी मिळणार?

अडचण पुढे आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. नववीत बोर्डाची नोंदणी येते आणि कागद पुन्हा आडवे येतात. आठवीपर्यंत पहिल्या पाचांत असलेली मुलं मी पंक्चरच्या दुकानात बसलेली बघितली आहेत.

तुम्ही दिल्लीत असाल, हैदराबादेत, जम्मूत, नाहीतर आणखी कुठे. तुमच्याकडेही अशी वस्ती असू शकते. जमलं तर एवढं करा. मूल भारतात जन्मलं असेल तर एकवीस दिवसांच्या आत जन्माची नोंद करायला लावा. आईबापांचा देश कुठलाही असो, ती नोंद होते. असतील नसतील त्या कागदांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. एप्रिल २०१८मध्ये कालिंदी कुंजच्या रोहिंग्या वस्तीला आग लागली, तेव्हा झोपड्यांबरोबर लोकांची कार्डंही जळाली. शाळेने नकार दिला तर तो लेखी मागा. निम्म्या वेळा तेवढ्यावरच प्रवेश होतो. सत्र सुरू होऊन गेलं असेल तरी जा, उशिरा आलं म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. मूल एकटं असेल किंवा धोक्यात दिसलं तर १०९८ला फोन करा. ते बालकल्याण समितीपुढे गेलं पाहिजे, कुणा ओळखीच्या 'काकां'कडे नाही.

आणि मुलांना 'तिकडे काय झालं होतं?' असं विचारू नका. फोटोही काढू नका. त्यांचे काही नातेवाईक अजून तिकडेच असतात, आणि इकडे छापलेला चेहरा तिकडेही दिसतो. बोलायचंच असेल तर आज शाळेत काय शिकवलं ते विचारा. माझ्याकडे येणारी मुलं सध्या पाढ्यांवर अडली आहेत. सतराचा पाढा त्यांनाही येत नाही.