सहा पौंड आणि एक टेलिफोन

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'जगातले मोठे उद्योजक' हा विषय दिला आणि बोलायला पंधरा मिनिटं दिली. टाटा, किर्लोस्कर, वालचंद, फोर्ड ही नावं तुम्हाला माझ्याइतकीच माहीत आहेत. शिवाय आपल्या बॅचमधले काही जण स्वतःच उद्योग चालवतात. त्यांना मी नोकरदार बाई काय सांगणार! म्हणून मी एकाच व्यक्तीबद्दल बोलते. ती माझ्या क्षेत्रातली, म्हणजे सॉफ्टवेअरमधली आहे. तिचं नाव स्टेफनी शर्ली. ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी त्या वारल्या. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनाही हे नाव ठाऊक नव्हतं.

त्यांचा जन्म १९३३ सालचा, जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा. वडील ज्यू आणि पेशाने न्यायाधीश. हिटलरच्या राजवटीत त्यांचं पद गेलं. कुटुंब व्हिएन्नाला गेलं, पण संकट तिथेही पोहोचलं. १९३९ च्या जुलैत आईवडिलांनी पाच वर्षांच्या या मुलीला आणि तिच्या नऊ वर्षांच्या बहिणीला इंग्लंडला जाणाऱ्या आगगाडीत बसवलं. ज्यू मुलांना वाचवण्यासाठी अशा गाड्या सोडल्या जात होत्या. 'किंडरट्रान्सपोर्ट' असं त्या मोहिमेचं नाव. सुमारे दहा हजार मुलं अशी इंग्लंडला पोहोचली आणि अनोळखी घरांत वाढली. आपला जीव वाचवला गेला, तर तो वाचवण्याजोगा होता हे दाखवून दिलं पाहिजे, ही भावना शर्लीबाईंच्या मनात आयुष्यभर राहिली.

त्यांना गणित आवडायचं. पण ऑस्वेस्ट्री गावातल्या त्यांच्या मुलींच्या शाळेत वरच्या इयत्तांना गणित शिकवतच नसत. शेवटी खास परवानगी काढून त्यांना मुलांच्या शाळेत गणिताच्या तासाला पाठवलं गेलं. इथे मला आपल्या गुरुजनांना नमस्कार करावासा वाटतो. आपल्या शाळेत मुलींची रांग वेगळी होती, पण फळ्यावरचं गणित एकच होतं. बाई मुलींनाही तितक्याच कडकपणे फळ्यापाशी बोलवायच्या. तेव्हा घाम फुटायचा. आज कळतं की ही गोष्ट सगळ्या जगात आपोआप मिळत नव्हती.

शाळा संपल्यावर अठराव्या वर्षी त्यांनी लंडनच्या डॉलिस हिल इथल्या पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी धरली. दिवसा नोकरी आणि संध्याकाळच्या वर्गांत शिक्षण, असं करत सहा वर्षांत गणिताची पदवी मिळवली. पुढे एका संगणक कंपनीत गेल्या. तिथे लक्षात आलं की एका पायरीच्या पुढे बाईला कुणी विचारत नाही. १९६२ साली त्यांनी नोकरी सोडली आणि स्वतःची कंपनी काढली. नाव 'फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स', भांडवल सहा पौंड, ऑफिस म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल.

लोक हसले, आणि त्याची दोन कारणं होती. पहिलं म्हणजे सॉफ्टवेअर विकत घेण्याची गोष्ट असते हेच तेव्हा कुणाला पटत नव्हतं. मिक्सर घेतला की भांडी सोबत येतात, तसं संगणक घेतला की प्रोग्रॅम सोबत यायचे. त्याचे वेगळे पैसे कोण देणार? दुसरं म्हणजे बाईकडून विकत कोण घेणार? त्यांनी कंपन्यांना पत्रं पाठवली, सही 'स्टेफनी शर्ली' अशी केली. उत्तरं येईनात. तेव्हा नवऱ्याने सुचवलं की 'स्टीव्ह' अशी सही करून बघ. उत्तरं येऊ लागली. भेटीला गेल्यावर समोरच्याला कळायचं की हे स्टीव्ह म्हणजे बाई आहेत, पण तोवर भेट तर पदरात पडलेली असायची. शेवटपर्यंत त्या स्टीव्ह याच नावाने ओळखल्या गेल्या.

आता मुख्य मुद्दा. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हुशार, शिकलेल्या, संगणकावर काम केलेल्या बायका लग्न झालं किंवा मूल झालं की नोकरी सोडून घरी बसत. कंपन्यांच्या दृष्टीने तो विषय तिथेच संपायचा. शर्लीबाईंना तिथे तयार कारागीर दिसले. त्यांनी ठरवलं की ज्यांचं करिअर 'संपलं' आहे त्यांनाच घ्यायचं आणि काम त्यांच्या घरी न्यायचं. त्यासाठी लागणारं यंत्र एकच, घरी टेलिफोन असला म्हणजे झालं.

मित्रांनो, घरी बसून प्रोग्रॅम लिहायचा आणि घरात संगणक नाही, हे कसं जमत असेल? तेव्हा प्रोग्रॅम कागदावर पेन्सिलीने लिहायचे. तो कागद पोस्टाने संगणक केंद्रावर जायचा. तिथे त्यावरून कार्डांवर किंवा कागदी पट्टीवर भोकं पाडली जायची, आणि चूक राहू नये म्हणून तेच काम पुन्हा करून ताडून बघितलं जायचं. मग कुठे ते यंत्रात जायचं. आमची आजची मुलं एक ओळ लिहितात आणि लगेच चालवून बघतात. इथे एक चूक म्हणजे पोस्टाची पुन्हा एक फेरी. त्यामुळे लिहिण्याआधी डोक्यात सगळं स्पष्ट असावं लागे. आणि सगळ्या जणी वेगवेगळ्या घरांत असल्यामुळे कुणी काय करायचं, कोणाचं काम कुठे जोडायचं, तपासायचं कसं, हे नीट लिहून ठेवावंच लागे. बायका घरून काम करतात म्हणजे ढिलाई असेल, असं लोकांना वाटत होतं. प्रत्यक्षात या पद्धतीमुळे शिस्त जास्त आली.

पैशाचा व्यवहारही सरळ होता. गिऱ्हाइकाला कामाची ठरावीक किंमत आधीच सांगायची. बाईने किती तास खुर्चीत काढले हे मोजायचं नाही, काम पुरं झालं का हे मोजायचं. बाळ झोपल्यावर रात्री केलं की पहाटे, त्याच्याशी कुणाला घेणं नाही. फोनवर गिऱ्हाइकाशी बोलताना शर्लीबाई मागे टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावून ठेवत, म्हणजे घरातले आवाज ऐकू जाऊ नयेत आणि ऑफिस गजबजलेलं वाटावं! आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग याच कंपनीतल्या बायकांनी आपापल्या घरी बसून केलं.

पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत पुरुष फक्त तीन होते. १९७५ साली ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा आला आणि त्या कायद्यामुळे या कंपनीला पुरुषांनाही दारं उघडावी लागली. हे सांगताना त्यांना स्वतःलाही हसू येत असे.

ही गोष्ट ऐकायला गोड वाटते, पण आयुष्य तसं नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा जाईल्स १९६३ साली जन्मला. अडीच वर्षांचा असताना तो जे थोडं बोलत होता तेही बंद झालं. त्याला तीव्र स्वमग्नता होती. कंपनी चालवायची आणि असं मूल सांभाळायचं, यात त्या एकदा पार कोलमडल्या होत्या. १९९८ मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी जाईल्स गेला. स्वमग्न मुलांसाठी शाळा, प्रौढांसाठी निवारा आणि संशोधनासाठी संस्था, ही सगळी कामं त्यांनी या दुःखातून उभी केली.

आणि कंपनीचं काय झालं? पुढे तिच्यात ८,५०० माणसं काम करू लागली. 'झॅन्सा' या नावाने ती भारतातही आली. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. त्यांनी स्वतःचे शेअर्स टप्प्याटप्प्याने कर्मचाऱ्यांना दिले. कंपनीचे भाव वाढले तेव्हा त्यातले सत्तर जण लक्षाधीश झाले, तेही रुपयांत नव्हे, पौंडांत. स्वतःच्या वाट्याला आलेल्या संपत्तीतली बहुतेक त्यांनी दान केली.

ही गोष्ट मी आज इथे का सांगते आहे? शर्लीबाईंनी कुणावर उपकार केले नाहीत. घरी बसलेल्या बायकांची त्यांनी दया केली नाही. बाजार ज्याला टाकाऊ समजतो ते उत्तम प्रतीचं आहे हे त्यांनी ओळखलं, त्याला साजेशी कामाची पद्धत बसवली आणि झालेल्या फायद्यात सगळ्यांना वाटा दिला. मला वाटतं, चांगला उद्योजक म्हणजे हेच.

आता आपल्याकडे बघा. आपल्या वर्गात पहिल्या पाचात मुली किती होत्या ते सरांना आठवत असेल. त्यातल्या किती जणी आज शिक्षणाला साजेसं काम करतात? कुणी हात वर करू नका, मला अवघडल्यासारखं करायचं नाही. ज्यांनी आपल्या इच्छेने घर निवडलं त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलते आहे त्या ज्या जणींना परत यायचं होतं आणि दार बंद मिळालं त्यांच्याबद्दल. माझ्या क्षेत्रात मी मुलाखती घेते. बायोडेटात सात-आठ वर्षांची मोकळी जागा दिसली की तो कागद बहुधा वाचण्याआधीच बाजूला जातो. त्या वर्षांत त्या बाईने सासऱ्यांचं आजारपण काढलं, दोन मुलं वाढवली, बचत गटाचे हिशेब ठेवले, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. मी आमच्या टीममध्ये एवढंच सुरू केलं आहे की असा कागद आला तर आधी घरी करायला एक छोटं काम द्यायचं आणि ते बघून ठरवायचं. त्यातून आलेल्या दोघी आज माझ्यासोबत आहेत, आणि त्यांच्या कामाबद्दल मला कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. ज्यांचे कारखाने, दुकानं, दवाखाने, क्लासेस आहेत त्यांनी यंदा निदान एक जागा अशा व्यक्तीसाठी ठेवावी. वेळेची मोकळीक द्यावी, कामात मात्र सूट देऊ नये. आणि मैत्रिणींनो, ज्यांना परत काम सुरू करायचं आहे त्यांनी मला फोन करा. बायोडेटा कसा लिहायचा, नवीन काय शिकायचं, सुरुवात कुठून करायची, हे आपण एकत्र बसून ठरवू. रविवारी दुपारी मी मोकळी असते.