डब्यातला आवाज

ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर



मला विषय दिला होता 'बँकेतील माझ्या आठवणी'. त्या ऐकायला लागलं की आमच्या घरातली माणसंसुद्धा उठून जातात, म्हणून मी विषय बदलून घेतला. आपल्याकडे बऱ्याच घरांत जुने कॉम्प्युटर आहेत आणि ते आवाज करू लागले की मला इंटरकॉम येतो. "काका, घरघर येतेय." "भाऊ, आतून कोणीतरी टकटक करतंय." तेव्हा त्याबद्दलच बोलतो.

आवाज किती मोठा, याला फारसं महत्त्व नाही. तो कसला आणि केव्हा येतो, ते बघायचं. डॉक्टर विचारतात ना, खोकला कोरडा की ओला, रात्री की दिवसा? तसंच. चालू केल्या केल्या येतो की अर्ध्या तासाने? सलग येतो की तालात? फाइल उघडली की येतो का? पुठ्ठ्याच्या नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं डब्याला लावून ऐका, जागा बरोबर सापडते.

घरघर बहुतेक वेळा पंख्याची. प्रोसेसरवर एक, एसएमपीएसमध्ये एक आणि बऱ्याचदा मागच्या बाजूला आणखी एक. रस्त्याकडच्या फ्लॅटमध्ये तर वर्षभरात त्यावर धुळीची गोधडी बसते. सकाळी घरघर आणि तापल्यावर गप्प, असं असेल तर बेअरिंग कोरडं पडलंय. लहानपणी सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवून फटफटी करायचो, तसा खर्रर्र आवाज आला तर एखादी वायर पात्याला लागतेय. प्लग काढायचा, पात्याला पेन्सिल लावून धरायची आणि ब्लोअर मारायचा. पंखा गेलाच असेल तर नवा फार महाग नसतो. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात करंट साठलेला असतो.

चालू करताना एक छोटी 'पीप' म्हणजे बहुधा सगळं ठीक. पीप-पीप थांबतच नाही आणि स्क्रीन काळा, तर बऱ्याचदा रॅम सैल झालेली असते. प्रत्येक कंपनीचे इशारे वेगळे, म्हणून मॅन्युअल रद्दीत घालू नये. आणि पीप नक्की कॉम्प्युटरचीच आहे ना, तेही बघा. लाइट गेल्यावर यूपीएस बोंबलतो आणि आळ येतो कॉम्प्युटरवर. आमच्या नातवाला आमच्या मशीनमधून बारीक शिट्टी ऐकू येते, मला येत नाही. तो आवाज सर्किटमधल्या कॉइलचा, निरुपद्रवी. आपल्या वयात तो आपोआप बरा होतो!

आता खरा मुद्दा. हळू, कोरडी, तालातली टिक... टिक... टिक. डब्यातल्या हार्ड डिस्कची तबकडी साधारणपणे मिनिटाला 7200 फेरे घेते. वाचणारं डोकं तिला न टेकता केसाहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. त्याला तबकडीवरच्या खुणा वाचता आल्या नाहीत, की हात मागे जातो आणि पुन्हा प्रयत्न करतो. ती टिकटिक त्याची. हा आवाज घरघरीपेक्षा लहान, पण यात वेळ हातात नसतो. इथे निदान करत बसायचं नाही. बंद-चालू, बंद-चालू करून बघायचं नाही. जुन्या टीव्हीला मारायचो तशी थाप तर अजिबात नाही, आणि व्हॉट्सॲपवर वाचून डिस्क फ्रीजमध्येही ठेवू नका, आत दव धरतं. मशीन अजून फाइली दाखवत असेल, तर आधी कॉपी.

बी विंगमधल्या वहिनींकडे हेच झालं. त्यांचे यजमान आपले पहिले खजिनदार. सुरुवातीच्या वर्षांचे सोसायटीचे हिशेब त्यांच्या घरच्या मशीनवर होते, आणि त्यांच्या शेवटच्या सहलीचे फोटोही. रिपेअरवाल्याने फोनवरच सांगितलं होतं, पंखा असेल, वापरत राहा. मी नळी लावली, टिकटिक डिस्कच्या जागीच. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आधी हिशेब काढा, ती लोकांची ठेव आहे." मी म्हटलं, हिशेबाच्या ऑडिट झालेल्या छापील प्रती ऑफिसच्या कपाटात आहेत. जे दुसरीकडे कुठेच नाही, ते आधी. फोटो सगळे उतरले. हिशेबाची तीन वर्षं उतरली आणि चौथ्याला मशीनने डिस्क ओळखायचंच बंद केलं. वहिनी बराच वेळ त्या पेन ड्राइव्हकडे बघत होत्या.

रंगराजन समितीच्या 1984 च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. आमच्याकडे दिवसाचं काम संपलं की फ्लॉपीवर प्रत निघायची आणि एक संच शाखेबाहेर ठेवला जायचा. तेव्हा तरुण क्लार्क कुरकुरायचे, लोकल चुकते म्हणून. घरी तेवढं नको, पण महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे ती टिकटिकही करत नाही. जाताना सांगून जाईलच असं नाही.

कमिटीला माझी विनंती आहे, की सोसायटीच्या रेकॉर्डच्या दोन प्रती असाव्यात, आणि दुसरी ऑफिसच्या त्याच कपाटात नको. बाकी कोणाला शंका असेल तर नळी आणि ब्लोअर माझ्याकडे आहेत. दुपारी दोन ते चार सोडून केव्हाही बेल वाजवा.